पश्चिमेची भिंत भरायची राहिली आहे

प्रिय बाबा,

फोनवर तुम्ही 'हं' म्हणता, मी 'हं' म्हणतो, आणि मग दुसऱ्याने फोन ठेवायची दोघंही वाट बघत बसतो. म्हणून लिहितोय. अक्षराकडे बघू नका. शाळेत मी बाकावर किती टिकलो ते तुम्हाला ठाऊक आहे, आणि इथे मला लिहावं लागतं ते फक्त भिंतीवर, खडूने. भोक पाडायचं तिथे फुली. एवढ्यावर पगार मिळतो. ब्रिट्टाशी बोलणं झालं. ती म्हणाली, बाबा हल्ली बंदरावर जात नाहीत. का ते आधी सांगेना. मग कळलं की नाताळच्या जेवणात बंदरावरच्या तुमच्या दोस्ताने, कार्लोने, तुम्हाला बाटलीची गोष्ट सांगायला लावली, आणि तुम्ही सुरुवात केल्यावर अख्खं टेबल तुमच्याबरोबर ती घोकायला लागलं, पोरं पाढे म्हणतात तसं. तुम्ही उठलात, कोट घातलात आणि घरी आलात. तेव्हापासून बाकड्यावरची तुमची जागा रिकामी आहे आणि तुम्ही कुठलीच गोष्ट कुणालाच सांगत नाही. "आई गेली तेव्हासुद्धा बाबा बोलत होते रे," ब्रिट्टा म्हणाली. मग ओव्हनमधून काहीतरी काढायचंय म्हणून तिने फोन ठेवला. ओव्हनचा आवाज वगैरे काही येत नव्हता.

माझं ठीक चाललंय. मासळीच्या कारखान्यातून निघालो, मग पवनचक्कीची पाती घासली, तिथूनही निघालो, हे तुम्हाला माहीत आहे. आता लेमविगच्या पलीकडे, समुद्राला लागून, घरांच्या भिंती भरायचं काम करतो. तुम्ही गवंडी लोकांनी विटांच्या दोन भिंती उभ्या केल्या आणि मधे वितभर जागा मोकळी सोडली. तुमच्या वेळी ते बरोबर होतं, तेल स्वस्त होतं. आता त्या पोकळीतून घराची सगळी ऊब निघून जाते, म्हणून आम्ही विटांमधल्या सांध्यात भोकं पाडतो, नळी घालतो आणि काचेच्या लोकरीचा पांढरा भुगा यंत्राने आत फुंकतो. पोकळी भरत आली की नळीचा आवाज बदलतो, मडकं भरत आल्यावर बदलतो तसा. मग भोकं बुजवायची आणि पुढचं घर. म्हणजे तुम्ही जे रिकामं ठेवलंत ते आम्ही भरतो. एका गावात फार दिवस राहावं लागत नाही, हे मला बरं पडतं.

आमचा मुकादम प्रेबेन. पोट मोठं, आवाज त्याहून मोठा. मी बोर्नहोम बेटावरचा म्हणून आपल्याकडच्या मासळीवरून मला 'हेरिंग' म्हणतो. गाडीतून जाताना मी प्रत्येक घराच्या पश्चिमेच्या भिंतीकडे मान वर करून बघतो, हे त्याच्या लक्षात आलंय. "काय रे हेरिंग, वर कुणी पोरगी राहते का? खिडकी तर दिसत नाही एकही." मी म्हणालो, सवय आहे. तो म्हणाला, "असली सवय कबुतरांना असते." हे काम मी का धरलं असं कुणी विचारलं तर मिळालं म्हणून धरलं, असंच सांगतो. किनाऱ्याकिनाऱ्याने अजून बरीच कामं होती. ती लेमविगकडे नव्हती, एवढंच.

आता तुमची गोष्ट लिहितो. तुम्हाला ती माहीत आहे, सगळ्या नेक्सो गावाला माहीत आहे. पण मी काय बघितलं ते सांगायच्या आधी, मी काय ऐकलं होतं ते कागदावर असू दे. नाहीतर कार्लो म्हणेल, पोराने नंतर जुळवून घेतलं. तर, तुम्ही गवंड्याच्या हाताखाली शिकत होता, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि मास्तराबरोबर पश्चिम किनाऱ्याला आला होता. एका शाळामास्तराचं पिवळ्या विटांचं घर. छपराचे वासे चढले, वर हिरवा हार बांधला, आणि सगळे रिवाजाच्या बियरची वाट बघत खाली उभे राहिले. पण हा शाळामास्तर मिशनवाला, दारूच्या थेंबाला न शिवणारा. त्याने वासे चढल्याचं एक स्तोत्र म्हटलं आणि सगळ्यांना लाल बेरीचं सरबत दिलं. मोठ्या गवंड्यांनी सरबताच्या ग्लासाकडे बघितलं आणि ते पिऊन टाकलं. दुसऱ्या दिवशी तुम्ही परांचीवर, तिकोनी भिंतीच्या अगदी टोकाशी होता. सरबताची रिकामी बाटली तुम्ही वर नेली होती. चौकोनी बाटली, हिरवी. तिचं बूड ठोकून काढलं आणि ती बाहेरच्या भिंतीत आडवी बसवून टाकली, तोंड समुद्राकडे, सांध्याच्या किंचित आत, म्हणजे खालून दिसू नये. आणि तुम्ही म्हणायचात, "त्या घरात अजून वारा सुटला की भिंत बियर मागते." इथे सगळे हसायचे. नंतर नंतर ते इथे हसण्याऐवजी एकमेकांकडे बघून हसायला लागले. घर कुठलं, गाव कुठलं, हे तुम्हाला कधी धड सांगता आलं नाही. लेमविगच्या पलीकडे, खिडक्यांवर मीठ बसायचं, एवढंच.

खिडक्यांवर मीठ इथे सगळ्यांच्याच बसतं.

आता थीरा आजी. गावाच्या शेवटच्या टोकाला, वाळूच्या टेकडीच्या अलीकडे तिचं घर आहे, आणि गावात त्याला 'गाईचं घर' म्हणतात. आम्हाला वाटलं पूर्वी गोठा असेल. ती एकटी राहते, माडीवरच्या खोलीत झोपते, आणि गेल्या हिवाळ्यात कोट घालून झोपायची असं म्हणाली. हे तिने तक्रारीसारखं सांगितलं नाही, कांद्याचा भाव सांगावा तसं सांगितलं. आम्ही सामान उतरवत होतो तोवर नैर्ऋत्येचा वारा सुटला आणि घर हंबरलं. खोटं सांगत नाही. लांब, जाड, खर्जातला 'हूंऽऽ'. प्रेबेनच्या हातातली नळी खाली पडली. थीरा आजी दारातच उभी होती. "ती आमची गाय," ती म्हणाली. "चारा मागत नाही, दूधही देत नाही. कॉफी घेता?"

कॉफीबरोबर तिने सगळं सांगितलं. तिचा नवरा लाउस्ट हा शाळामास्तर, तो जाऊन काही वर्षं झाली. त्याच्या मते आवाज चिमणीचा. त्याने चिमणीला टोपी बसवली, मग दुसरी बसवली, मग छपराची कौलं काढून पुन्हा घातली. मिशनची मंडळी बैठकीच्या खोलीत प्रार्थनेला जमायची, सगळे डोळे मिटून गप्प व्हायचे, आणि नेमकं तेव्हा, हूंऽऽ. एका पाहुण्या धर्मोपदेशकाने तर हा इशारा आहे असं सांगून त्यावर भाषण दिलं. "आणि काय इशारा होता?" प्रेबेनने विचारलं. "ते त्यालाही कळलं नसावं," ती म्हणाली. "बोलला मात्र भरपूर."

तुम्ही आता खुर्चीतून उठला असाल. बसा. तेव्हा माझ्या डोक्यात काही आलं असेल तर ते मी तिथेच ठेवलं. आवाज करणारी घरं या किनाऱ्यावर पुष्कळ आहेत.

उत्तरेची भिंत भरली, पूर्वेची भरली, समुद्राकडची शेवटी धरली. खालून वर जायचं, ही आमची पद्धत. मी शिडीवर, प्रेबेन यंत्राजवळ. माडीच्या वरच्या भोकात नळी घातली आणि आवाज बदलायची वाट बघत राहिलो. आवाज बदलेना. भुगा जातोय, जातोय, अख्खी पोती रिकामी होतायत. मग खालून प्रेबेन ओरडायला लागला, "बंद कर! अरे, घर ओकतंय!" मी वर बघितलं. भिंतीच्या टोकाजवळून पांढरा भुगा कारंज्यासारखा बाहेर उडत होता आणि वारा तो परत आमच्यावर आणून टाकत होता. थीरा आजीच्या वाळत घातलेल्या चादरी, तिची कोबी, प्रेबेनची मिशी, सगळं पांढरं. रस्त्यावरून जाणारा टपालवाला सायकल थांबवून म्हणाला, "यंदा बर्फ लवकर पडला." प्रेबेनने त्याला काय उत्तर दिलं ते पत्रात लिहिण्यासारखं नाही.

मोठी शिडी लावून मी टोकापर्यंत गेलो. सांध्याच्या किंचित आत काचेचं तोंड होतं. आजूबाजूचा चुना इतका नेटका ओढला होता की हात लावेपर्यंत कळलं नसतं. बोट घातलं. आतून काच चौकोनी होती. मी जरा वेळ तिथेच थांबलो. तिथून समुद्र दिसतो, खाली वाळूवरचं गवत दिसतं, आणि वारा सरळ तोंडावर येतो. प्रेबेनने खालून विचारलं, "काय आहे?" मी म्हणालो, "बाटली." "रिकामी?" "रिकामी." "मग उतर की. कसली वाट बघतोयस?"

खाली आलो आणि सांगितलं, तर प्रेबेन पोट धरून हसला. त्याला लगेच कळलं, बियर न देणाऱ्या मालकाच्या भिंतीत बाटली, हे त्याच्या धंद्यात सगळ्यांनी ऐकलेलं असतं. "आजीबाई, तुमच्या नवऱ्याने गवंड्यांना काय पाजलं होतं हो?" थीरा आजी हसली नाही. तिने विचारलं, बाटली कसली. मी म्हणालो, चौकोनी, हिरवी. ती आत गेली आणि फडताळातून तशीच एक घेऊन आली. "अशी?" अशीच. "माझ्या आईच्या. लग्नात दिलेल्या. एक कमी होती, ती मी शेजारणीकडे राहिली असं धरून चालले होते. त्या बाईशी मी कितीतरी वर्षं धड बोलले नाही." मग ती पायरीवर बसली. तिने सांगितलं की एकदा, खूप उशिरा, लाउस्ट स्वतः शिडी लावून चढला होता. खाली येऊन म्हणाला, वर काही नाही. हात धुतले. त्यानंतर चिमणीचं नाव त्याने कधी काढलं नाही आणि गवताच्या काडीनेही ते भोक बुजवलं नाही. "तो कंजूष नव्हता रे पोरांनो," ती म्हणाली. "बियर त्यालाही द्यायची होती. आदल्या दिवशी मला म्हणालासुद्धा. पण मिशनवाले काय म्हणतील, याची भीती. भित्रा होता. चांगला होता आणि भित्रा होता."

प्रेबेनने विचारलं, कुणी केलं असेल. ती बोटावर मोजल्यासारखं सांगायला लागली. गवंड्यांचा मोठा मास्तर चर्चच्या मागे पुरलेला आहे, तिनेच फुलं नेली होती. त्याचा जोडीदार अमेरिकेला गेला आणि तिकडेच वारला. "आणि एक शिकाऊ पोरगा होता, बेटावरचा. काय बोलायचा! बोलणं अर्धं कळायचं नाही, पण बोलायचा. त्याच्या काकाने म्हणे समुद्रातला एक सील पाळला होता आणि तो सील रविवारी चर्चच्या दारापर्यंत यायचा. तो पोरगा परांचीवर असला की मी स्वयंपाकघराची खिडकी उघडी ठेवायचे. लाउस्ट म्हणायचा, थंडी येते. मी म्हणायचे, वाफ जाऊ दे." आणि मग तिने माझ्याकडे बघितलं. माझ्याही बोलण्यात बेट ऐकू येतंच. "तू कुठला रे?" मी म्हणालो, बोर्नहोम, नेक्सो. सीलवाला काका म्हणजे माझा चुलत आजोबा, आणि ते प्रकरण खरं आहे की नाही मला माहीत नाही. तो शिकाऊ पोरगा, अँकर, माझे वडील. प्रेबेनने मिशीवरचा भुगा पुसला. मग म्हणाला, "म्हणून तू वर बघत होतास, हेरिंग." मी त्याला म्हणालो, यंत्रात भुगा अडकलाय, साफ कर.

आता कामाचं. बाटली काढायची, तिथे वीट आणि चुना बसवायचा, मग भिंत भरायची, हे सकाळभरात होण्यासारखं आहे. तात्पुरतं म्हणून प्रेबेनने बाटलीत फडकं कोंबलं. सकाळी गेलो तर थीरा आजी शिडीखाली उभी. "ते फडकं काढा. दुसऱ्याच्या घरात झोपल्यासारखं वाटलं." प्रेबेन म्हणाला, ठीक, बाटलीच काढतो. ती म्हणाली, "तू नाही. ज्याने घातली तो काढेल." प्रेबेनने समजावून बघितलं की आजीबाई, थंडी येईल, अर्धं घर भरून अर्धं उघडं ठेवता येत नाही, मला पुढच्या गावाला जायचंय. ती म्हणाली, "मग जा. नळी ठेवून जा." असा तिचा कारभार. ती भावुक वगैरे होऊन बोलत नाही. तिला भिंत बंद करून हवी आहे, ऊब हवी आहे, आणि हंबरण्याचाही तिला कंटाळा आलाय, असं ती म्हणते. फक्त आधी देणं द्यायचं आणि मग बंद करायची.

त्याच दिवशी ती दुकानात गेली आणि तिने बियरचा क्रेट घेतला. आयुष्यात पहिल्यांदा. गल्ल्यावरची मुलगी मिशनवाल्यांचीच, तिने विचारलं, "थीरा मावशी, पाहुणे यायचेत?" "बांधकामाची माणसं." "बांधकाम काढलंय?" "काढलं नाही, संपलंय. माझं नवं लग्न झालं होतं तेव्हा." दुपारपर्यंत गावभर झालं. संध्याकाळी मिशनच्या प्रमुखाची बायको केक घेऊन चौकशीला आली. थीरा आजीने तिला क्रेट दाखवला, वरचं भरतकामाचं कापड बाजूला करून, नातू दाखवावा तसा. तो क्रेट अजून तसाच ओसरीत आहे. आम्हाला त्यातली एकही मिळालेली नाही. प्रेबेनने मागून बघितली. "तू वासे चढवलेस?" तिने विचारलं.

मी तुम्हाला फोन करून, तो शिडीवर नेऊन तो आवाज ऐकवू शकलो असतो. प्रेबेनने सुचवलंही. पण फोनमध्ये सगळा वारा सारखाच ऐकू येतो, आणि कार्लो म्हणाला असता की गाय कुठेही मिळते.

तर मी पत्र का लिहिलं ते हे. थीरा आजीची पश्चिमेची भिंत तुमच्यासाठी उघडी ठेवली आहे आणि ती तुम्ही आल्याशिवाय भरली जाणार नाही. इकडे हिवाळा येतोय आणि ती पुन्हा कोट घालून झोपायला लागली आहे, तेव्हा फार विचार करत बसू नका. जहाजाने या, ब्रिट्टा तुम्हाला धक्क्यापर्यंत सोडेल, लेमविगच्या स्टेशनवर मी येतो. मी नॉर्वेला जायचं म्हणत होतो, ते पुढे ढकललंय. थापी तुमची आणा, प्रेबेनच्या थापीवर मला भरवसा नाही. शिडी मी धरीन. वर चढवत नसेल तर खाली उभं राहून सांगा, हात माझे चालतील, ती त्याला तयार आहे, मी विचारून घेतलंय. बाटली मात्र हातात तुम्ही घ्यायची आणि तिच्या फडताळात तुम्ही ठेवायची. खोली गरम ठेवतो. तिने अजून एक सांगितलंय. तो सील शेवटी चर्चच्या आत गेला की नाही, हे तिला तेव्हापासून ऐकायचं राहिलंय, कारण नेमकं तिथे गवंडीमास्तराने तुम्हाला कामाला हाक मारली होती. आणि नाताळच्या जेवणाचं मी तिला सांगितलंय, तेव्हा कार्लोलाही बरोबर आणा, असं तिने मुद्दाम लिहायला सांगितलंय. क्रेट तुमचा आहे. त्याच्यासाठी तिने सरबत करून ठेवलंय.

तुमचाच,
येप्पे